वर्डेलच्या हातचा क्लच

गेलन ओपडालनं जत्रेत भोंग्यावरून उच्चारलेलं एक वाक्य अर्लिस ट्वेटच्या छातीत वर्षभर रुतून बसलं होतं. ते उपटून काढावं असं तिला एकदाही वाटलं नाही. दुखायचं थांबलं की माणूस विसरतो, आणि विसरायला ती तयार नव्हती.

झालं होतं असं. तिचा नवरा वर्डेल मे महिन्यात कंपवातानं खंगून गेला. जुलैत हेगनेस गावची जत्रा भरली, तेव्हा तिनं त्याची जुनी डिझेल पिकअप ओढीच्या शर्यतीत उतरवली. लोक म्हणाले, बाई, यंदा राहू दे. ही म्हणाली, यातला क्लच त्याच्या हातचा शेवटचा आहे, त्याच्या नावानं एकदा ओढू दे. ओढीत गाडीमागं वजनाचा गाडा जोडतात. गाडा जसजसा पुढं जातो तसतसं त्याच्यावरचं वजन सरकत सरकत गाडीच्या मानगुटीवर येऊन बसतं. मातीच्या पट्ट्यावर शेवटच्या पांढऱ्या रेघेपर्यंत गाडा नेला, तर ती पुरी ओढ. अर्लिसची गाडी पहिल्या निशाणालाही पोचली नाही. इंजिन बोंबलत राहिलं, चाकं मात्र थांबली आणि खालून करपट धूर निघाला.

"अर्लिस, घरी चुलीवर काय ठेवून आलीस गं? करपलं बघ!" गेलननं भोंग्यावरून विचारलं. गेलन त्यांचा शेजारचा शेतकरी, आणि जत्रेत दरवर्षी माईक त्याच्याच हातात असतो. लोक खो खो हसले. आणि मग आवाज जरा खाली आणून, चर्चमधल्यासारखा, तो म्हणाला, "हसू नका रे. वर्डेलचे हात थरथरत होते शेवटी. देव त्याला सुखात ठेवो. पण क्लच बसवणं थरथरत्या हाताचं काम नव्हे."

लोकांचं हसू थांबलं आणि त्यांनी मान हलवली. 'खरंय बिचाऱ्याचं' अशी. ते मान हलवणं हसण्याहून वाईट. ज्या माणसाकडं अख्ख्या जिल्ह्यानं आपली इंजिनं आणून टाकली, ज्यानं बर्फात उताणं पडून दुसऱ्यांच्या गाड्या चालू करून दिल्या, त्याच्या हातांची अशी माती केली. तीही तो मातीत गेल्यावर, उत्तर द्यायला उठू शकत नाही म्हणून. अर्लिसनं गाडी घरी ओढून नेली, शेडमध्ये घातली आणि दार लावून घेतलं.

पुढल्या वर्षी जूनमध्ये गुरं हलवायची वेळ आली आणि गाडी बाहेर काढावीच लागली. मागं गुरांचा ट्रेलर. टेकाडाच्या चढावर पुन्हा तेच. पायाखाली डिझेल दाबावं तर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर उडतोय, आवाज आभाळाला भिडतोय, आणि गाडी गोगलगायीसारखी सरकतेय. मागून आयडेला येत होती. आयडेला म्हणजे वर्डेलची थोरली बहीण, अर्लिसची नणंद. वाडीवस्त्यांवर टपाल वाटण्याची नोकरी, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. तिनं मोटार बाजूला घेऊन काच खाली केली.

"अगं, ही गाडी आहे का म्हातारी घोडी? टाकून दे भंगारात!"

"भंगारात घालायच्या आधी उघडून बघणार आहे," अर्लिस म्हणाली. "मला बघायचंय त्यानं काय चुकवलं ते. आणि चुकवलं नसेल, तर कुणी चुकवलं ते."

"आणि कळलं तर?"

"तर त्याची जत्रा करते."

झालं. दुसऱ्याच दिवशी नणंद-भावजय शेडमध्ये शिरल्या. अर्लिस काही मेकॅनिक नव्हे. पण वर्डेलचे हात थरथरायला लागल्यापासून तीन वर्षं तीच त्याच्याशेजारी उभी असायची. तो सांगायचा, ती पकडायची. क्लचचं काम तेवढं त्यानं कुणाला करू दिलं नाही. कंपनीचा एका प्लेटचा क्लच काढून बाहेरचा, दोन प्लेटांचा, भारी वजनाचा क्लच त्यानं मागवला होता, आणि म्हणाला, हा मी एकटा बसवणार. धड माणसाचं ते दोन दिवसांचं काम, त्याला तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी दमून आत यायचा आणि सुपाचा चमचा तोंडाशी नेईपर्यंत अर्धा सांडायचा. पण डोळे कसे लखलखत असायचे.

"आधी डिझेल फिल्टर बदल," आयडेला बादली उलटी करून त्यावर बसत म्हणाली. "तो नेहमी म्हणायचा, आधी सोपं ते बघा."

"डिझेल कमी पडलं तर इंजिन मरेल गं. हे मरत नाहीये, उधळतंय. इंजिन जोर देतंय आणि मध्येच कुणीतरी हात सोडतंय. हा क्लचच."

"तरी बदल. माझ्या समाधानासाठी."

फिल्टर बदलायचा झालाच होता, म्हणून अर्लिसनं काढला. आतला कागद तिनं उजेडात धरला. कागद लालसर झाला होता, कुणी बीट पिळल्यासारखा. आता, या मुलखात लाल डिझेल म्हणजे शेतीचं. त्यावर कर नाही, म्हणून सरकार त्यात रंग घालतं. ते ट्रॅक्टरला चालतं. रस्त्यावरच्या गाडीत सापडलं तर दंड होतो. वर्डेल त्या बाबतीत असा कडक, की लाल डिझेलचा डबासुद्धा पिकअपच्या जवळ ठेवू द्यायचा नाही. त्यानं क्लचबरोबरच हा फिल्टर नवा घातला होता. म्हणजे लाल डिझेल त्यानंतर गेलं. कुणी घातलं?

"नंतर बघू," म्हणून तिनं तो कागद खिडकीत ठेवला आणि गाडीखाली शिरली.

मग एकेक करून तपासणं सुरू झालं. क्लचचा पेडल थोडा मोकळा हलतोय का? हलतो, हवा तेवढाच. पेडल सोडल्यावर क्लचच्या तेलाच्या नळीत दाब अडकून राहतो का? कारण तसा राहिला तर क्लच कायमचा अर्धा दाबलेला, आणि मग घसरणारच. तिनं नळीच्या खालच्या टोकाचं बारकं बोंडुकं सैल केलं. दोन थेंब पाझरले, बस. दाब नाही. मग साखळ्या लावून, शिव्या देऊन, आयडेलाच्या पाठीचा विचार न करता गिअरबॉक्स उतरवला. "आई गं!" "धर गं नीट!" "मी काय तुझा नवरा आहे का ओझी उचलायला?" "तो असता तर तुला कशाला बोलावलं असतं, बाई?" असं चाललेलं. आत बोट फिरवून बघितलं. तेलाचा मागमूस नाही. इंजिनातून तेल गळून प्लेटा ओल्या झाल्या म्हणावं, तर कोरडं खडखडीत.

राहिले बोल्ट. चूक असेल तर ती इथंच असणार होती. क्लचचं झाकण ज्या बोल्टांनी धरलेलं असतं ते कमीजास्त आवळले गेले, तर एक बाजू उचलली जाते आणि क्लच घसरतो. थरथरत्या हाताचं काम नव्हे, असं गेलन म्हणाला होता. तिनं उजेड पाडला. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पिवळी रेघ होती. गुरांवर खूण करायचा जो मेणाचा खडू असतो, त्यानं वर्डेलनं रेघ ओढली होती. आवळून झालं, तपासून झालं, की रेघ. रेघा वाकड्या होत्या. एक तर पार सापासारखी गेली होती. पण एकही बोल्ट रेघेवाचून नव्हता.

अर्लिसनं मोजून आवळायचा पाना लावला. योग्य जोर आला की तो पाना 'टक्' म्हणतो. पहिला बोल्ट तसूभर न हलता टक्. दुसरा टक्. सगळेच्या सगळे टक्. शेवटच्याला ती थांबली आणि कपाळ त्या गार लोखंडाला टेकवून ढसाढसा रडली. आयडेलाही बादलीवर बसल्या बसल्या नाक ओढत होती.

"वाकड्या रेघा, सरळ काम," आयडेला म्हणाली. "माझा भाऊच तो."

"मग घसरतो का, ते सांग ना!" अर्लिस ओरडली. रडं संपलं होतं आणि त्या जागी राग येऊन बसला होता.

झाकण उघडलं आणि उत्तर समोर आलं. क्लचची प्लेट खडबडीत, मंद दिसायला हवी. या दोन्ही प्लेटा काचेसारख्या चमकत होत्या. नखानं ओरखडलं तर नख घसरत होतं. आणि प्लेट ज्याला चिकटून फिरते त्या इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, निळे-जांभळे डाग पडलेले, लोखंड तापून तापून उठतात तसले.

आता हे समजून घ्या, म्हणजे त्या बाईचं डोकं का फिरलं ते कळेल. नवी बिडाची कढई आणली की तिच्यात लगेच मोठा स्वयंपाक घालत नाहीत. आधी तेल पाजतात, हळूहळू तापवतात. असला क्लचही तसाच. पहिले पाचशे मैल रिकाम्या गाडीनं, थांबत, सुटत, गोडीगुलाबीनं चालवायची, म्हणजे प्लेटा एकमेकींना ओळखू लागतात. त्याआधी भारी ओझं ओढलं तर प्लेटेचा वरचा थर भाजून गुळगुळीत होतो आणि मग जन्मभर घसरतो. वर्डेलला हे पाठ होतं. त्यानं अर्लिसला शेजारी बसवून रोज थोडंथोडं फिरवलं होतं, भरल्या घमेल्याचंही ओझं घालू दिलं नव्हतं. पाचशेतले शंभर-सव्वाशे झाले असतील नसतील, तोच तो अंगणात पडला आणि आयडेलाच्या मोटारीतून त्याला फार्गो शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथं दोन आठवडे गेले. उरलेले मैल अर्लिसनं नंतर, जत्रेआधी, रिकाम्या गाडीनंच पुरे केले होते. पण ते दोन आठवडे पिकअप अंगणात उभी होती.

"किल्ली?" आयडेलानं विचारलं.

"किल्ली गाडीत. असते तिथंच."

या मुलखात गाडीची किल्ली गाडीतच असते. शेजाऱ्याला गरज पडली तर त्यानं न विचारता न्यावी. नियम तीनच. जागच्या जागी आणून ठेवावी, टाकी भरून द्यावी, आणि काही मोडलंतुटलं तर तोंडानं सांगावं. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहावं लागलं असतं तर इथं कुणी राहिलंच नसतं.

अर्लिसला एकाएकी आठवलं. फार्गोहून परतल्यावर ती गाडीत बसली, तेव्हा सीट मागं होती. पार शेवटच्या खाचेत. तिचा पाय पेडलपर्यंत पोचेना. आणि टाकी भरलेली होती. तेव्हा ती मनात म्हणाली होती, नेली असेल कुणीतरी, चांगली माणसं आहेत. नवरा मरायला टेकलेला असताना कोण सीटचा विचार करतं? तिनं सीट पुढं ओढली आणि विसरली.

"भल्या उंच माणसानं नेली," ती हळूच म्हणाली. "आणि टाकी लाल डिझेलनं भरली."

आयडेलाचा चेहरा पडला. बादलीवरून उठली, पुन्हा बसली.

"अर्लिस, ओरडू नकोस हं. मी बघितली होती गं तुमची गाडी. मधे दोन दिवस टपालासाठी फार्गोहून परत आले होते बघ. गेलनचं पेरणीयंत्र पाणथळीत रुतलं होतं, ट्रॅक्टरसकट. तो तुमच्या पिकअपनं ओढत होता. साखळी लावून. बराच वेळ. धूरही होता. मला वाटलं, डिझेल गाडी आहे, धूर सोडणारच. मला वाटलं, तुम्हाला त्यानं सांगितलं असेल."

"आणि वर्षभर तोंडात काय धरलं होतंस? गावाची सगळी लफडी तुला पाठ, आणि हेच तेवढं सांगायचं राहिलं?"

"मला काय ठाऊक प्लेटा चमकतात ते!" आयडेला रडवेली झाली. "मी टपाल वाटते!"

 अर्लिसनं दोन्ही प्लेटा कापडात गुंडाळल्या. म्हणजे गेलननं धूर बघितला होता. वास घेतला होता. त्याला ठाऊक होतं की आपण काय जाळलं. ठाऊक असून तो माईक घेऊन उभा राहिला, आणि आपलं पाप मेलेल्या माणसाच्या हातांवर पुसलं. तेही देवाचं नाव घेऊन. हलकट कुठला!

"पोलिसाला सांगू का?" आयडेलानं विचारलं. "गेलनच्या पिकअपमध्ये आजही लालच असेल. टाकीत काडी घातली की सापडला."

"नको. अर्धा जिल्हा सापडेल. आणि दंड भरून तो मोकळा होईल. मला तो मोकळा व्हायला नकोय."

"मग त्याचा क्लच जाळ. त्याची किल्लीपण गाडीतच असते."

हे मात्र अर्लिसला आवडलं. दोन दिवस ते तिनं मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी ती गेलनकडं गेली. निमित्त होतं. वर्डेलच्या मयताला गेलनच्या बायकोनं काचेच्या भांड्यात बटाट्याचं कालवण आणलं होतं, ते भांडं परत द्यायचं राहिलं होतं. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. अर्लिसनं रिकामं नेलं.

अंगणात गेलनची नवी पिकअप उभी. किल्ली आत लोंबतेय. ती भांडं काखेत धरून खिडकीपाशी उभी राहिली आणि क्षणभर तिचा हात खरंच दारावर गेला.

"घेऊन जा, घेऊन जा!" मागून आवाज आला. साडेसहा फुटी गेलन धान्याच्या कोठारातून हात पुसत येत होता. "गाडी हवीय का? विचारायचं काय त्यात! तुझी अजून घसरतेय म्हणे?"

"घसरतेय. काय झालं असेल रे?"

"मी काय सांगू, अर्लिस. तुला वाईट वाटेल. तो धड असता तर गोष्ट वेगळी. हात साथ देत नव्हते बिचाऱ्याचे."

तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. मनात म्हणाली, एक संधी देते. एकच.

"गेलन, आम्ही फार्गोला होतो तेव्हा आमची गाडी कुणी नेली होती का रे? तू नेली होतीस?"

"मी?" तो हसला. "छे! माझ्या दारात इतकी लोखंडं पडलीत, मी कशाला नेतो तुमची?"

"बरं," अर्लिस म्हणाली, आणि रिकामं भांडं त्याच्या हातात ठेवून घरी आली. वाटेत तिचा विचार पक्का झाला. त्याचा क्लच जाळायचा नाही. ते लपूनछपून केल्यासारखं होईल, म्हणजे गेलनसारखं. त्याचं तोंड जाळायचं. ज्या माईकवरून तो बोलला, त्याच माईकवरून, तेवढ्याच लोकांपुढं. आणि जत्रेत माईक फक्त एकाच माणसापर्यंत येतो. पुरी ओढ करणाऱ्याच्या खिडकीशी. म्हणजे आधी क्लच धरायला हवा होता. धरला नाही, तर ती खरं बोलली तरी कोण ऐकणार? म्हणतील, हरली आणि किरकिरतेय.

नव्या प्लेटा टपालानंच आल्या, आयडेलानंच आणून दिल्या. फ्लायव्हील घासून आणलं. बाकी सगळं वर्डेलचंच. बोल्ट त्याचेच, आणि ते आवळताना तिनं त्याच्या प्रत्येक वाकड्या रेघेवर नवी रेघ ओढली. मग प्रश्न आला पाचशे मैलांचा. जत्रा तोंडावर. रिकामी गाडी थांबत-सुटत पाचशे मैल कुठं फिरवायची?

"माझं टपाल काय झक मारायला आहे?" आयडेला म्हणाली.

आणि मग त्या मुलखानं एक तमाशा बघितला. रोज सकाळी पिकअपमध्ये अर्लिस चालवायला आणि उजवीकडं आयडेला टपालाच्या ढिगात. रस्त्याकडेची एक टपालपेटी आली की क्लच, थांब, कागद टाक, क्लच, सूट. पुन्हा पेटी, पुन्हा क्लच. टपालखात्याच्या नियमात हे बसत नव्हतं, पण तक्रार करायची तर पत्र टाकायला आयडेलाच्याच हाती द्यावं लागलं असतं. गेलनच्या पेटीशीही रोज थांबायचं. तिथं अर्लिस क्लच असा अलगद सोडायची, जणू तान्ह्या पोराला खाली ठेवतेय.

"इथं काय एवढं हळू?" आयडेला विचारायची.

"इथंच तर मुरवायचाय," अर्लिस म्हणायची.

जत्रेच्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. लाकडी पायऱ्यांवर जिल्हा लोटलेला. पट्ट्याच्या कडेला गेलन, डोक्यावर गवती टोपी, हातात माईक. अर्लिसचा नंबर आला तशी त्याला राहवलं नाही.

"आणि आता अर्लिस ट्वेट! अग्निशामक दलाला विनंती, झोपू नका!"

हसले लोक. हसा, म्हणाली ती मनात, आत्ताच हसून घ्या. गाडा जोडला गेला. साखळी ताणली. समोर हिरवं निशाण पडलं. तिनं क्लच सोडला, आणि पायाखाली तिला ती पकड जाणवली, घट्ट, शब्दाला जागणाऱ्या माणसासारखी. गाडी निघाली. काळा धूर निघाला तो वरच्या नळीतून, इंजिनाचा, खालचा करपट नव्हे. पहिलं निशाण गेलं. वजन सरकत पुढं आलं, नाक वर उठायला लागलं, इंजिनाचा आवाज जड झाला. जडच होत गेला. उधळला नाही. आवाज आणि चाक एकमेकांचा हात सोडेनात. "धर," ती दात आवळून म्हणत होती, "धर, वर्डेल, धर." पांढरी रेघ टायरखालून गेली तेव्हा तिला ती दिसलीसुद्धा नाही. लाल निशाण नाचताना दिसलं, आणि पायऱ्यांवरचा गलका कानांवर आला.

गेलन लांब ढांगा टाकत खिडकीशी आला. त्याचं हसू खरं होतं म्हणा. शर्यतीचा शौकीन माणूस.

"पुरी ओढ! सांग लोकांना अर्लिस, काय बदललंस? नवा क्लच?"

त्यानं माईक तिच्या तोंडाशी धरला. आपल्या हातानं.

"क्लच तोच," अर्लिस म्हणाली. तिचा आवाज भोंग्यांतून पार गुरांच्या गोठ्यांपर्यंत गेला. "वर्डेलनं बसवलेला. एकूण एक बोल्ट तपासला, एकही ढिला नव्हता. फक्त जळालेल्या प्लेटा बदलल्या. ह्या बघा." तिनं सीटवरून ती चमकणारी प्लेट उचलून खिडकीबाहेर धरली. उन्हात तिचा कवडसा पायऱ्यांवरून फिरला. "गेल्या साली आम्ही फार्गोत होतो. वर्डेल मरत होता. तेव्हा कुणीतरी ही गाडी नेली आणि आपलं पेरणीयंत्र चिखलातून ओढलं. नेली त्याचं काही नाही. किल्ली त्यासाठीच असते. टाकी भरून दिली, लाल डिझेलनं. सीट मागं ढकलली, शेवटच्या खाचेपर्यंत. प्लेटा जाळल्या. पण सांगितलं नाही. आणि मग याच माईकवरून माझ्या नवऱ्याच्या हातांना नावं ठेवली. गेलन, तू या जिल्ह्यात सगळ्यांना ओळखतोस. कोण रे तो?"

माईक त्याच्याच हातात होता. तो खाली टाकता आला असता, बंद करता आला असता. पण माणसाचं डोकं अशा वेळी चालत नाही. त्यानं माईक स्वतःच्या तोंडाशी नेला, सवयीनं, आणि भोंग्यांतून आधी नुसता त्याचा श्वास ऐकू आला.  सगळा जिल्हा त्याची उंची बघत होता.

"मी सांगणार होतो," गेलन म्हणाला.

बस, एवढंच. भोंग्यांनी ते सगळीकडं नेलं.

अर्लिसनं इंजिन बंद केलं. किल्ली काढली. हळूच, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि छातीवरच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं. मुस्कटात मारली असती तर लोकांना एवढा धक्का बसला नसता. त्या जिल्ह्यात शेजाऱ्यासमोर किल्ली काढून घेतलेली कुणी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेगनेसच्या कॅफेत नेहमीची मंडळी कॉफीला जमली. रोज चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवून टाकायचे आणि हरेल त्यानं सगळ्यांची कॉफी पाजायची, अशी तिथली रीत. अर्लिस आणि आयडेला कोपऱ्यात बसल्या होत्या. रस्त्यावर गेलनची पिकअप वळताना दिसली. तेवढ्यात म्हातारा सेल्मर उठला. त्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन वर्डेलनं तीनदा उघडून बसवलेलं. तो बाहेर गेला, आपल्या गाडीतून किल्ली काढून आणली आणि फाशांच्या पेल्याशेजारी टेबलावर ठेवली. मग दुसरा उठला. मग तिसरा. गेलन दारातून आत आला तेव्हा टेबलावर किल्ल्यांचा ढीग झाला होता आणि सगळे आपापल्या कपात बघत होते.

"काय रे, कुणी गेलं काय?" गेलन म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता.

"गेलं ते गेल्या सालीच," सेल्मर म्हणाला. "बस की. फासे टाक."

गेलन बसला नाही. थोडा वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला आणि आल्या पावली परत गेला. त्याची किल्ली गाडीतच होती.

"आता तरी पोटभर झालं का?" आयडेलानं हळूच विचारलं. "मला तर दया आली बाई त्याची."

"तुला येऊ दे," अर्लिस म्हणाली. "मला भूक लागलीय." आणि तिनं अंडी, बटाटे आणि दोन टोस्ट मागवले. वर्षभरात पहिल्यांदा तिनं ताट चाटूनपुसून साफ केलं.